विंगेतली खुर्ची

"आवाज माझ्या कानापर्यंतच आला पाहिजे, नले. पहिल्या खुर्चीवरच्या माणसाला कळलंच नाही पाहिजे का इथं कोणी बसून आहे."

विनायकरावांनी हे सांगितलं तेव्हा लग्नाच्या शालूची घडीही पुरती मोडली नव्हती. विंगेत पत्र्याची खुर्ची होती, मांडीवर नाटकाचं पुस्तक होतं, आणि हातातल्या बॅटरीच्या काचेवर त्यांनीच लाल जिलेटीनचा कागद चिकटवून दिला होता. रंगमंचावर ते अडले की अख्खं वाक्य द्यायचं नाही, पहिला शब्द द्यायचा, तोही अर्धा; श्वास सोडताना सोडायचा, म्हणजे तो श्वासच वाटतो. नलिनी ते शिकली. आवाज तिचा मूळचाच बारीक. भजनी मंडळात देवकाबाई तिच्या शेजारी टाळ धरून बसायच्या आणि म्हणायच्या, "नलिनीबाई, तुमचं भजन फक्त देवालेच ऐकू येते, आमाले नाही." ती हसायची. देवाला आणि नवऱ्याला, एवढ्या दोघांना ऐकू गेलं की बाईचं भागतं, असं तिला खरोखरच वाटायचं. वर्षानुवर्षं तिनं नाटक पाहिलं ते असं, कडेनं. प्रेक्षकांना त्यांचा चेहरा दिसायचा, तिला कान दिसायचा. मानेवर जिथं रंग संपून खरी कातडी सुरू व्हायची ती रेघ, झिरमिळ्या लावलेल्या अंगरख्याची पाठ, पाठीवर घामाचा वाढत जाणारा डाग. ते रडले तर खांदे हलायचे, त्यावरून तिला कळायचं की आता ते रडत आहेत.

विनायकरावांना कलेचं वेड होतं, आणि ते वेड पांढुर्ण्यासारख्या गावाला पुरून उरेल एवढं होतं. शाळेत इतिहास शिकवायचे, आणि सुटी लागली की निघायचे. लेणी, किल्ले, राजवाडे, अजबखाने, आणि नागपूरला नवं नाटक लागलं की पहिल्या गाडीनं नागपूर. पुढं ते, बोट वर करून, "हे पाहा, ही कमान पाहा, ही मोगली वळणाची," आणि मागं ती, पिशवी, पाण्याची बाटली, आणि उपासाचा दिवस असला तर फडक्यात बांधलेले राजगिऱ्याचे लाडू घेऊन. कमान पाहण्याआधी ती चपला काढून गाभाऱ्यात हात जोडून यायची. "हिला काय, देऊळ दिसलं का पुरे," ते बरोबरच्यांना सांगायचे, आणि तीही मान हलवायची. पण खोटं कशाला म्हणा, त्यांच्यामुळंच तिनं हे जग पाहिलं होतं. तिच्या माहेरच्या, सौंसरच्या बायका जामसावळीच्या मारुतीपलीकडं गेल्या नव्हत्या. नोकरी संपली तशा त्यांनी रविवारच्या वारसा-सहली सुरू केल्या. नागपूरहून, छिंदवाड्याहून हौशी मंडळी यायची, गाडी करून देवगडच्या किल्ल्यावर जायची, आणि विनायकराव बुरुजावर उभे राहून गोंड राजांची वंशावळ अशी सांगायचे, जणू घरातलीच माणसं. मागच्या हिवाळ्यात अशाच एका रविवारी ते एका पडक्या इमारतीपुढं थांबले, बोट वर केलं, आणि म्हणाले, "हा जो आहे... हा..." बोट तसंच. मंडळी वर पाहू लागली, त्यांना वाटलं सर रंगत आणून राहिले. त्यांच्या कानामागची शीर उडताना तिला दिसली. ती एक पाऊल पुढं सरकली आणि श्वास सोडला. "नगा..." "नगारखाना!" विनायकराव गरजले, आणि मग असे बोलले, असे बोलले की लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या दिवसापासून शब्द गळू लागले. कधी राजाचं नाव, कधी शेजाऱ्याचं, एकदा तर संत्र्याची फोड हातात धरून ते कितीतरी वेळ तिच्याकडंच पाहत राहिले, आणि संत्रं हा पांढुर्ण्याच्या माणसाचा शेवटचा विसरायचा शब्द. ती देत गेली. दोघं त्याविषयी एक अक्षर बोलले नाहीत. मुलगा केतन नागपूरला, सून मानसी तिथंच नोकरीला, त्यांना याचा पत्ता नव्हता. बदल एवढाच झाला की जन्मभर दहा पावलं पुढं चालणारे विनायकराव हळू चालू लागले. तिच्या आवाजाच्या टप्प्यात राहू लागले. देवळात प्रदक्षिणा घालताना त्यांचा सदरा तिच्या पदराला लागायचा, आणि तिला वाटायचं, चला, एवढ्या वर्षांनी का होईना, सोबत मिळाली. तिनं त्यासाठी मारुतीला तेलही वाहिलं.

मग ज्येष्ठात ती नागपूरची दुपार आली. मानसीनं तिकिटं काढली होती, आणि नलिनी समोरच्या बाजूनं, गादीच्या खुर्चीवर बसून नाटक पाहत होती. नटांचे चेहरे पाहून तिला संकोचल्यासारखं झालं. इतकं उघडं कोणाकडं पाहायची सवय नव्हती. मध्यंतरात ती हातपाय धुऊन आली. बाहेरच्या दालनात खांबाला टेकून विनायकराव उभे होते, हातात बटाटेवडा, भोवती मानसी आणि तिच्या ऑफिसातल्या दोन मैत्रिणी. खांबाच्या या अंगाला नलिनी थांबली, कारण त्यांनी तिचंच नाव घेतलं होतं.

"...तर काय झालं, यमुना करणारी पोरगी तापली. गणपतीतलं नाटक, सौंसरचं, अख्खं गाव मांडवात. म्हटलं नलीलाच उभी करतो. हिचं सगळं पाठ, सगळ्यांचीच वाक्यं पाठ! पुस्तक धरायला मी विंगेत. आली ना बाप्पा ही, नऊवारी नेसून, दिसली चांगली. आणि पहिलंच वाक्य अडकलं. माझ्याकडे पाहून राहिली. माझ्या हातात पुस्तक, वाक्यावर बोट. आणि मी," ते इथं थांबले, नटाला ठाऊक असतं तसं थांबले, "मी बोललोच नाही! म्हटलं पाहू तं खरं, काय करते!"

"बाबा, काहीतरीच!" मानसी हसली. "मग काय केलं आईंनी?"

"बसली! मधोमध बसली खाली, पदर तोंडावर घेऊन. लोकं असे हसले, असे हसले, का कनात हलली."

तिघी हसल्या. वड्याचा तुकडा त्यांच्या ओठाला लागला होता. त्या गोष्टीतला एकही शब्द अडला नव्हता.

नलिनी खांबामागं उभी होती आणि तिला आपल्या पायाखाली सौंसरच्या मांडवाची फळकुटं लागत होती. तापलेल्या दिव्यांचा वास, नाकातल्या नथीचा भार, जिभेच्या शेंड्यावर आलेलं वाक्य आणि तिथंच त्याचं वाळून जाणं. ती विंगेकडं पाहत होती आणि विंगेत काळोख होता. नंतर घरी विनायकरावांनी तिचा हात हातात घेतला होता. "विंगेतली बत्ती गेली होती गं, नले. मला दिसलंच नाही." आणि तिनंच त्यांची समजूत घातली होती. तुमचा काय दोष, बत्तीला कोण काय करणार. त्यानंतर सौंसरला हळदीकुंकवाला गेलं की कोणीतरी पाट पुढं सरकवायचं, "बसा नलिनीताई, तुमाले तं कुठंही बसता येते," आणि बांगड्या खळखळायच्या. तिच्या आईनं हे ऐकलं आणि माजघरात जाऊन तांदूळ निवडत बसली, वर पाहिलं नाही. नलिनीला नाटकात काम करायचं होतं. हे तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं, देवालाही नाही, कारण मागण्यासारखं ते वाटलं नव्हतं. ते एकदाच मिळालं, आणि बत्ती गेली म्हणून गेलं. बत्तीवर तिनं कधी राग धरला नाही. मांडवात, देवळात, घरात, कुठंही दिवा फडफडला की ती उठून हातानं आडोसा धरायची, एवढंच.

परतीच्या गाडीत विनायकराव खूश होते. खिडकीशी बसून नाटकातले दोष सांगत होते. नरखेड गेलं, गाडी हळू झाली, पांढुर्णा आलं, पाटी खिडकीसमोर येऊन थांबली. ते पाटीकडं पाहत होते. हलेनात. लोक उतरू लागले, चढू लागले. ओळखीचा पिंपळ, ओळखीचा चहावाला, आणि ते पाहुण्यासारखे सगळं पाहत होते, चेहऱ्यावर भल्या माणसाचं कोरं हसू. शब्द तिच्या तोंडात तयार होता. तिनं तो धरून ठेवला. हे किती वेळ असेच बसतात, ते पाहावं, असं तिला वाटलं. पुढचं स्टेशन तिगाव येईल, तिथंही असेच बसतील का, की पुढं कुठं रडतील? त्यांचा हात तिच्या गुडघ्यावर आला आणि चाचपडू लागला. छातीत काहीतरी गोड, कोमट असं पसरलं. उपास सोडताना पहिला घास पोटात जातो तसं. शिट्टी झाली तेव्हा ती म्हणाली, "पांढु..." आणि ते ताडकन उठले. "पांढुर्णा! चल चल, काय बसून राहिली!"

आषाढी एकादशीला ती जामसावळीला गेली. चातुर्मासाचा नेम ती दर वर्षी धरायची. कधी मीठ सोडलं, कधी पानावर जेवली, कधी लाख वाती केल्या. या वर्षी तिनं मौन धरलं. दिवेलागणीला दिवा लावला की बोलणं बंद, ते सकाळी तुळशीला पाणी घालेपर्यंत. इथला मारुती आडवा आहे, निजलेला आहे. एवढा मोठा देव, शेंदरानं माखलेला, डोळे मिटल्यासारखा. तिनं हात जोडून संकल्प सांगितला आणि मनात आलं, की जागा देव असता तर त्यानं विचारलं असतं, कशासाठी. निजलेल्या देवानं काही विचारलं नाही. तिनं अंगारा लावला आणि घरी आली.

व्रत तिनं चोख पाळलं. विनायकरावांना आधी मौज वाटली. "आता संध्याकाळी मलाच बोलायला मिळणार!" पण संध्याकाळ हीच त्यांची वाईट वेळ होती. दिवा लागला की शब्द जास्त गळायचे. ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे आणि बोटानं फळी दाखवायचे. "ते दे... ते, आपलं..." तिला कळायचं की त्यांना बडीशेप हवी आहे. ती हातातलं काम थांबवून त्यांच्याकडं पाहायची, मायेनं पाहायची, आणि वाट पाहायची. बरणी हाताला लागेल इतकी जवळ असायची. मग ते म्हणायचे, "राहू दे." पोळा गेला, जाम नदीवरची गोटमार, दोन काठांच्या गावांची दरवर्षीची दगडफेक, झाली, पलीकडच्या सावरगावाकडून कोणाची तरी डोकी फुटून आली, गावभर तीच चर्चा, ते मात्र ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला नुसतं "हो हो" म्हणू लागले. अंधार पडायच्या आत जेवून निजू लागले. देवकाबाई म्हणाल्या, "व्रत लागू पडलं बाई तुमचं. सर किती शांत झाले."

आणि मग भैय्याजी आले. सौंसरच्या नाटक मंडळाचे ते सर्वेसर्वा, आयुष्यभर इतरांची तोंडं रंगवून स्वतःचं तोंड पांढरं झालेले. मंडळाला पुष्कळ वर्षं झाली म्हणून या गणपतीत जुनं नाटक पुन्हा करायचं, म्हाताऱ्या किल्लेदाराचं, आणि किल्लेदार विनायकरावांनीच करायचा. सत्कारही त्याच दिवशी. दुपार होती, ती चहा घेऊन बाहेर आली. विनायकरावांनी कप घेतला.

"सर, तुमी नाही म्हणू नका. लोकं वाट पाहून राहिले."

"पाठ आहे रे सगळं," विनायकराव म्हणाले, आणि तिच्याकडं पाहिलं. "पण ही पाहिजे. ही विंगेत असली का मी उभा राहतो. नसली तं नाही करत."

"बाई तं आहेतच," भैय्याजी म्हणाले. "बाईंशिवाय कधी पडदा उघडला का आपला?"

"नले, बसशील ना?"

त्यांनी असं कधी विचारलं नव्हतं. नेहमी ते सांगायचे. तिला वाटलं, आता जर हे म्हणाले, की मला भीती वाटून राहिली, एवढंच म्हणाले, तर मी हे सगळं सोडून देईन. तिनं तेवढी वाट पाहिली. त्यांनी बिस्किट चहात बुडवलं.

"पुस्तक घेऊन बसीन," ती म्हणाली. "शेवटचा पडदा पडेपर्यंत उठणार नाही. पण प्रयोग दिवेलागणीनंतरचा. मी व्रत मोडत नाही, ते पाहून घ्या."

विनायकराव मोठ्यानं हसले. "भैय्याजी, ऐकलं का! अरे, कुजबुजणं म्हणजे काय बोलणं होय? तिचा आवाज मलाच नीट ऐकू येत नाही, देवाला काय ऐकू जाईल!" भैय्याजींनीही हसून टाळी दिली. ती आत गेली. आपण खोटं काही बोललो नाही, हे तिनं मनात पुन्हा एकदा तपासून पाहिलं, तांदूळ निवडतात तसं.

प्रयोगाच्या दिवशी केतनला सुटी मिळाली नाही, मानसी आली, तिच्या त्याच मैत्रिणींना घेऊन. रंगपटात गणपतीचा फोटो होता. ऊन उतरलं, आणि नलिनीनं फोटोपुढं निरांजन लावलं, हात जोडले, ओठ मिटले. तिथून ती विंगेत गेली. कोणीतरी तिच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती. तिनं ती बाजूला केली आणि सामानातून जुनी पत्र्याची शोधून आणली. वर पिवळा दिवा जळत होता, स्वच्छ. तरी तिनं बॅटरी घेतली. पडदा उघडला, टाळ्या पडल्या, विनायकराव चालत पुढं आले. पाठ, अंगरखा, मानेवरची रंगाची रेघ. सुरुवातीची वाक्यं खणखणीत आली, आणि तिला क्षणभर अभिमानही वाटला, इतकी जुनी सवय. मग बुरुजाचं ते भाषण आलं.

"हा बुरुज..." विनायकराव म्हणाले.

प्रेक्षक थांबले. हा बुरुज माझी पावलं ओळखतो. तिचं बोट त्या ओळीवर होतं. शब्द जिभेवर येऊन बसला, तीर्थासारखा, गिळायचाही नाही आणि सांडायचाही नाही. ती नाम घेऊ लागली, मनातल्या मनात, भराभर, म्हणजे जिभेला दुसरं काम मिळावं. "हा बुरुज," ते पुन्हा म्हणाले, आणि पाठ वळली. तेव्हा नलिनीनं त्यांचा चेहरा पाहिला. रंगमंचावरचा, दिव्याखालचा, समोरून. इतकी वर्षं ज्या चेहऱ्यासाठी लोक टाळ्या वाजवत आले तो हा. डोळ्यांभोवती काजळ, चिकटवलेली मिशी एका बाजूनं सुटलेली, आणि डोळे तिच्या ओठांवर टाचलेले. तान्हं मूल असं पाहतं. तिनं बॅटरी पेटवली आणि पुस्तकावर धरली, बोट ओळीवर ठेवून, म्हणजे त्यांना दिसावं की पान बरोबर आहे, ओळ बरोबर आहे, डोळे शाबूत आहेत. ओठ तिनं मिटलेलेच ठेवले. मागच्या रांगेतून कोणी ओरडलं, "सर, बुरुज पडला का?" आणि हसू फुटलं. आधी पोरांचं, मग सगळ्यांचं. गुडघे वाकले, अंगरख्याच्या झिरमिळ्या हलल्या. ते बसतात की काय असं तिला वाटलं, आणि ती खुर्चीत पुढं सरकली, नीट दिसावं म्हणून. ते बसले नाहीत. उभेच राहिले, आणि ते उभं राहणं जास्त वाईट होतं. शिपायाचं काम करणाऱ्यानं कसंबसं आपलं वाक्य घुसडलं आणि पहिल्या अंकाचा पडदा पडला.

रंगपटात मानसी धावत आली, रडवेली. "आई, एक शब्द! एका शब्दानं काय झालं असतं? बाबांना काय होऊन राहिलं ते दिसत नव्हतं का तुम्हाला? बोला ना!" नलिनीनं निरांजनाकडं हात केला. दारात देवकाबाई उभ्या होत्या. "तिले नको रागावू पोरी. व्रत आहे तिचं. अशी बाई पाहिली नाही बाप्पा, संसार एका बाजूले अन् देव एका बाजूले," आणि त्यांनी खरोखरच वाकून नलिनीच्या पायाला हात लावला. नलिनीनं पाय मागं घेतले नाहीत.

विनायकराव आरशापुढच्या स्टुलावर होते. भैय्याजी त्यांची मिशी पुन्हा चिकटवत होते, आणि दुसरा अंक नका करू असं कोणी त्यांना म्हणत नव्हतं, कारण सत्कार शेवटी होता, शाल आणली होती, पाहुणे बसून होते. त्यांनी आरशातून तिला शोधलं. राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ते हळूच, तिच्या टप्प्यात, तिला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणाले, "नले, विंगेतली बत्ती गेली होती का गं? तुला दिसलं नसेल."

ते वाक्य त्यांना कुठून आठवलं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. तिला ते दिसलं. कोरं, भलं, गाडीच्या खिडकीतलं तेच हसू. तिनं नुसती हो अशी मान हलवली असती, तर त्या होकाराखाली दोघंही झोपले असते उरलेला जन्म. तिनं मान हलवली. नाही, अशी. दोनदा, सावकाश, म्हणजे गैरसमज राहू नये.

बाहेर दुसरी घंटा झाली. निरांजनातलं तूप सरत आलं होतं; तिनं त्यात तूप घातलं, वात पुढं केली, वाऱ्याला आडोसा होईल असा पुठ्ठा लावला. मग पुस्तक उचललं, चष्मा पदरानं पुसला. शेवटचा पडदा पडेपर्यंत उठणार नाही, असं तिनं सांगितलं होतं. तिसरी घंटा व्हायच्या आत, पायांचा आवाज न करता, ती विंगेकडं निघाली.